मावळतीच्या भिंतीचा वाफा

नाताळ झाला आणि गलांडा मेला.

एका दिवसात नाही मेला. आधी पानांच्या कडा करपल्या, निखारा टेकवून काढून घ्यावा तशा. मग खालची पानं पिवळी पडून गळाली, आणि शेवटी कळ्या न उघडताच माना टाकून बसल्या. विनीनं गुडघे टेकून एक रोप धरलं. ओढावं लागलंच नाही. ते आपण होऊन हातात आलं. मुळं काळपट, बुळबुळीत. तिनं ती बोटांत चोळून नाकाशी नेली. उन्हानं मेलेल्या झाडाचं मूळ सुतळीसारखं कोरडं असतं, हे तिला सहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. हे मूळ कुजलेलं होतं. ऑक्टोबरपासून, उन्हाळा लागल्यापासून, पावसाचा थेंब नव्हता, आणि मूळ कुजलं होतं.

व्हरांड्यात तिचा सासरा पर्सी वेताच्या खुर्चीत पाय लांब करून बसला होता.

"गेला?"

"गेला."

"गलांडासुद्धा!" पर्सीनं पाइप खुर्चीच्या पायावर ठोकला. "मेंढ्यांनी तुडवला तरी उगवतो तो, सूनबाई. गलांडा मारायला कसब लागतं. माळ्याच्या पोरीचं कसब!"

विनी परत वाफ्यावर वाकली. मेलेली रोपं तिनं घमेल्यात टाकली. आधी झिनिया, मग सदाफुली, आता हा. दगडी भिंतीपासून हातभर अंतरावर वाफा होता. दुपारी एकला तिथं ऊन यायचं ते सूर्य मावळेपर्यंत हलायचं नाही. भिंतीला तळहात लावला तर चटका बसे. भिंतीचा गिलावा खालून गुडघाभर फुगून सुटला होता आणि पांढरी भुकटी तिच्या गुडघ्यांना लागली होती. लोणा लागलाय, असं तिचा नवरा लॉइड म्हणायचा. जुनं घर आहे, लागायचाच.

ह्याच भिंतीशी तिच्या सासूचा, हेस्टरचा, वाफा होता. विनी लग्न होऊन आली तेव्हा हेस्टर हयात होती, आणि ह्या भिंतीला खिडकीच्या चौकटीपर्यंत लाल-पिवळा गलांडा, जांभळी सदाफुली, जिरेनियम असं दाटून आलेलं असायचं. बरकिन गावातून येणारे लोक गाडी थांबवून बघत. हेस्टर त्या वाफ्याला कुणाला हात लावू देत नसे. "तू कोंबड्या बघ," एवढंच म्हणायची. चार वर्षांपूर्वी ती गेली. दोन वर्षं वाफा तसाच फुलला, मग विरळ झाला, आणि तेव्हापासून जे लावावं ते जात होतं.

गावातल्या बायकांना हे माहीत नव्हतं असं नाही. जानेवारीत चर्चच्या हॉलमध्ये बायकांची चहापाण्याची बैठक झाली, तेव्हा प्रत्येकीनं टेबलावर ठेवायला आपल्या बागेतली फुलं आणली. विनीनं केक नेला.

"जिरेनियमची काडी उलटी खोचली तरी जीव धरते म्हणतात," पोस्टमास्तरची बायको बशा मांडता मांडता म्हणाली. "माझ्याकडून नेतेस का काड्या? का नकोच उगाच?"

दोघीतिघी हसल्या. विनीही हसली. घरी येताना गाडीत तिनं आपले हात मांडीवर उलटे-सुलटे करून बघितले. तिच्या बापाचा पर्थजवळ भाजीचा आणि फुलांचा मळा होता, वाळूत. त्या वाळूत ह्या हातांनी मिरच्यांपासून कर्दळीपर्यंत काय लावलं नव्हतं?

तिनं बापाला पत्र लिहिलं. त्यानं दोन ओळींचं उत्तर दिलं आणि आठवड्यानं मालगाडीतून खोकं पाठवलं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली रोपं होती. म्हाताऱ्याचा एक नियम होता: भर उन्हात लावायचं झाड दुपारी दोनला निवडावं. सकाळी सगळीच टवटवीत दिसतात. दुपारी दोनला जे मान ताठ ठेवतं तेच घ्यावं. पान जाड असावं, नाहीतर त्यावर लव असावी, नाहीतर ते राखी असावं. पातळ हिरव्या पानाच्या नादी लागू नये. त्यानं तसंच निवडून पाठवलं होतं. मांसल पानांचा चिनी गुलाब, राखी पानांचा गझानिया, जिरेनियमच्या बोटाएवढ्या जाड काड्या, आणि तळाशी कण्हेरीची पाच रोपं. 'ही पण मेली तर झाडांना दोष देऊ नकोस,' असं त्यानं खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीनं लिहिलं होतं.

विनीनं रोपं दोन सारखे वाटे करून मांडली. एक वाटा भिंतीच्या वाफ्यात लावला. दुसरा घरामागच्या चढावर, यंत्रांच्या शेडच्या पत्र्याला लागून. तिथंही मावळतीचं ऊन, उलट पत्र्याची धग जास्तच. माती दगडगोट्यांची. दोन्हीकडे टाकीतलं पावसाचं पाणी, त्याच झारीनं, सारख्या झाऱ्या.

"दोन-दोन ठिकाणी मारायची आता?" पर्सी म्हणाला.

"बघू या ना बाबा."

"हेस्टर भांडी धुतलेल्या पाण्यावर फुलवायची. झाऱ्या मोजत नव्हती."

फेब्रुवारी लागला. सकाळी नऊलाच पत्रे कडकड वाजायला लागत. कोंबड्या चोची उघड्या टाकून पाण्याच्या टाकीखाली बसत, आणि गुलाबी काकाकुव्यांचे थवेसुद्धा दुपारी उडायचे बंद झाले. लॉइड कुंपणाचे खांब बदलून दुपारी घरी यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर घामाचं पांढरं मीठ वाळलेलं असायचं. तो थंड मटण आणि पाव खायचा, चहा प्यायचा आणि टेकडीबद्दल बोलायचा.

टेकडी म्हणजे त्यांच्या रानाच्या वरच्या अंगाचं तीनशे एकर जंगल. सगळी निलगिरीच्या जातीची झाडं; मॅलेट म्हणायचे त्यांना, सरळ बुंध्याची, तांबूस सालीची. पर्सीनं तरुणपणापासून कुऱ्हाडीनं आणि आगीनं खालचं सगळं रान मोकळं केलं होतं. त्या कुऱ्हाडीत डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. तेवढी टेकडी राहिली होती. मार्चमध्ये जंगल पाडायचा मक्ता घेणाऱ्या डोनोव्हनचे दोन बुलडोझर येणार होते. दोन यंत्रांच्या मध्ये जहाजाच्या नांगराची साखळी बांधायची आणि ओढत न्यायची, की झाडं गवतासारखी आडवी होतात.

"चार दिवसांत साफ," लॉइड म्हणायचा. "बाबांना पस्तीस वर्षं लागली खालच्याला."

"मरायच्या आत वर गहू बघीन," पर्सी म्हणायचा, आणि त्याचा आवाज एवढा मऊ व्हायचा की विनीला त्याच्याकडे बघवायचं नाही.

लावल्यापासून अठराव्या दिवशी शेडजवळचा चिनी गुलाब उमलला. गझानिया तर पत्र्याच्या धगीत असा पसरला की जणू त्याला तीच हवी होती. भिंतीच्या वाफ्यात जिरेनियमच्या काड्या तळातून काळ्या पडून लोळत होत्या. कण्हेरीची पानं कडांनी जळत होती. कण्हेर! तिला गुरं खात नाहीत, ऊन मारत नाही, कुणी विचारत नाही तरी ती उभी असते. विनी वाफ्याशी उभी राहिली.

ती शेडमधून फावडं आणि पहार घेऊन आली.

वरची वीतभर माती सुकी, भुसभुशीत होती. तिच्यावर दुलईसारखं काहीतरी पांढरट पसरलेलं होतं. खाली फावडं खण्णकन वाजलं. दगड असेल म्हणून तिनं पहार घातली, दगड नव्हता. माती बाजूला केली तर गंजलेल्या पत्र्याचा काठ दिसला. चौकोनी. रॉकेलचा डबा. त्याच्या शेजारी दुसरा. तिसरा. भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, खांद्याला खांदा लावून, तोंडं मातीच्या खाली वीतभर पुरलेले डबे. ती मोजत गेली. बावीस होते. आत काळी, चांगली, टेकडीवरच्या पानांच्या कुजवटीची माती होती. पण डब्यांचे तळ गंजून खाऊन गेले होते. एक उचलला तर तळ खालीच राहिला.

तळाखालच्या खड्ड्यात पाणी झिरपत होतं.

विनी बघत राहिली. ते हळूहळू, गडबड न करता भरत होतं. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. समुद्रसुद्धा बरा, असं ते होतं.

सावली पडली म्हणून तिनं मान वर केली. पर्सी काठी टेकत व्हरांड्यातून उतरून आला होता. तो डब्यांकडे बघत होता, तिच्याकडे नाही.

"हे कुणी पुरले, बाबा?"

"टाकी गळते," पर्सी म्हणाला. "लॉइडला सांग, टाकी बघ म्हणावं."

"टाकीचं पाणी खारं नसतं. डबे कुणी पुरले?"

दोन बोटं नसलेला हात पर्सीनं खिशात घातला. "बुजव ते," तो म्हणाला, "पाय अडकून पडेल कुणी." आणि काठी टेकत निघून गेला. नेहमीपेक्षा भरभर.

लॉइड आल्यावर तिनं त्याला वाफ्याशी नेलं. त्यानं टाकी ठोकून बघितली, नळाचे सांधे बघितले, उकिडवा बसून खड्ड्यात बघितलं.

"आईची काहीतरी युक्ती असेल," तो म्हणाला. "पाणी टिकावं म्हणून."

"पाणी टिकावं म्हणून नाही, लॉइड. पाणी आत येऊ नये म्हणून."

त्यानं खड्ड्याच्या काठावरची माती बोटांनी चुरली. मग गुडघे झटकत उठला. "घर सखलात आहे. सखलात थोडं असायचंच." त्यानं फावडं उचललं आणि माती परत लोटायला लागला. तो ते फार काळजीनं करत होता, मूठमातीला आल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी विनी झोर्काकडे गेली. झोर्काचं रान ओढ्याच्या खालच्या अंगाला होतं. ती आणि तिचा नवरा बोटीनं, दूरच्या दालमेशियाहून आले होते. टोमॅटो आणि द्राक्षं त्यांच्यासारखी कुणाची होत नसत. आता मांडव उभा होता, पण वेली नव्हत्या. अंगणात लाकडी पेट्या बांधून ठेवल्या होत्या.

"ये गं बाई ये," झोर्का म्हणाली. "बसायला खुर्ची नाही, खुर्च्या गेल्या. पेटीवर बस."

"कुठं निघालात?"

"भावाकडे. शहरात. माझा नवरा सिमेंटची पोती उचलणार आता, साठाव्या वर्षी." झोर्कानं कपाळावरचा फडका सोडून परत बांधला. "तुझी फुलं मेली ना? ऐकलं मी. हॉलात हसत होत्या म्हणे सगळ्या."

"हसल्या."

"हसू देत. माझी पण आधी फुलंच मेली. मी फुलांना शिव्या दिल्या. मग शेंगा गेल्या, त्यांना शिव्या दिल्या. मग आलुबुखार. मग विहिरीच्या पाण्याला मेंढ्या तोंड लावेनात. तेव्हा कळलं." तिनं विनीचा हात धरून तिला मागच्या दारी नेलं. "बघ. इथं गहू व्हायचा. छातीला लागायचा."

मागं पाच-सहा एकर जमीन पांढरी पडली होती. दुपारच्या उन्हात तिच्याकडे डोळे उघडे ठेवून बघवत नव्हतं. मधे मधे वाळलेली झाडं उभी होती, साल गळालेली. काही आवाज नव्हता. पाखरूसुद्धा नव्हतं.

"पाणी कुठून आलं हे?"

"खालून. ते तिथंच होतं, देवानं ठेवलेलं, मिठासकट. झाडं ते पिऊन खाली दाबून ठेवायची. झाडं काढली, आता पितंय कोण?" झोर्कानं वरच्या बाजूला, विनीच्या घरच्या टेकडीकडे, हनुवटी उडवली. "तेवढी राहिलीत तुमची. ती तरी राखा. मी तुझ्या सासूला पण सांगितलं होतं."

"हेस्टरला?"

"तिला माहीत होतं गं. ती माझ्याकडूनच डबे न्यायची, रॉकेलचे. तुमचा म्हातारा यायचा न्यायला, गाडी घेऊन."

त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर विनीनं सुरी-काटा खाली ठेवला. मटण भाजलेलं होतं, बटाटे होते, भोपळा होता. माश्यांसाठी जाळीचं दार लावून घेतलं होतं आणि खोलीत गरम चरबीचा वास कोंडला होता.

"टेकडी राहू द्या," ती म्हणाली.

लॉइड चावायचा थांबला. "काय?"

"टेकडीवरची झाडं पाडू नका. खालून खारं पाणी वर येतंय. वाफ्यात दोन हातांवर आहे. झोर्काचं रान बघून ये तू."

"झोर्काचं रान ओढ्यात आहे."

"आपलं त्याच ओढ्याच्या वर आहे."

पर्सीनं सुरी ताटावर आपटली. "चार फुलझाडं जगवता येत नाहीत आणि हिला शेत शिकवायचंय! मी इथं आलो तेव्हा तंबू होता. तंबू! हेस्टरनं पहिलं बाळंतपण त्या तंबूत केलं. एकेक झाड मी ह्या हातानं..." त्यानं तो हात वर केला, दोन बोटं नसलेला. "आणि ही सांगते मी मीठ पेरलं!"

"मी तसं म्हटलं नाही, बाबा."

"मग काय म्हटलंस?"

"डबे तुम्ही आणलेत. झोर्काकडून. एवढंच सांगा लॉइडला."

लॉइड बापाकडे बघत होता. पर्सी ताटातल्या भोपळ्याकडे बघत होता. मग तो खुर्ची मागं सारून उठला आणि जाळीचं दार आपटून बाहेर गेला.

"म्हाताऱ्याला असं कोंडीत धरू नकोस," लॉइड हळू म्हणाला.

"तू विचार त्यांना."

"डोनोव्हन परवा येतोय, विनी. यंत्रं निघालीत तिकडून." त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. "एकदा वरचा गहू हाती लागू दे. खालच्याचं मग बघू. मीठ काय पळून जातंय?"

यंत्रं आली ती सकाळीच. त्यांचा आवाज दोन मैलांवरून ऐकू येत होता, आणि कुत्रं साखळीला हिसके देत भुंकत होतं. विनी भांडी तशीच टाकून टेकडीवर चालत गेली. तिथं गेल्यावर काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. यंत्रापुढं आडवी पडणारी बाई ती नव्हती.

दोन पिवळे बुलडोझर झाडीच्या तोंडाशी उभे होते, त्यांच्यामध्ये साखळी पडली होती. एकेक कडी माणसाच्या मांडीएवढी. डोनोव्हन टोपी मागं सारून चहा पीत होता. लॉइड त्याला हद्दीचे खांब दाखवत होता.

"बाई पण आल्या का बघायला?" डोनोव्हन म्हणाला. "जरा लांब उभ्या राहा. बुंधा कुठं उसळेल नेम नसतो."

तेवढ्यात लॉइडचा छोटा ट्रक चढ चढून आला. चालवत होता पर्सी. त्यानं दोन वर्षांत चाक हातात धरलं नव्हतं. गाडी आचके देत थांबली. तो उतरला, दाराला धरून उभा राहिला. दाढी केलेली, सदरा स्वच्छ, आणि तोंड राखेसारखं.

"लॉइड," तो म्हणाला. "इकडे ये जरा."

"काय झालं?"

"ही सांगते ते खरं आहे."

लॉइड दोन पावलं पुढं आला.

"तुझ्या आईच्या बागेत पाणी लागलं. खारं. फुलं मरायला लागली. ती रडायची. मग मी डबे आणले, वरून माती आणली, इथली, आणि पुरले. लोक बघून जायचे ना. तिला बरं वाटायचं." पर्सीचा श्वास लागत होता. "मला वाटलं, तेवढ्यावर थांबेल."

"कधीची गोष्ट ही?"

पर्सीनं दार आणखी घट्ट धरलं.

"कधीची, बाबा?"

"तुझ्या लग्नाच्या आधीची. दोन वर्षं आधी."

विनीला दिसलं की लॉइड मनात वर्षं मोजतोय. त्याचे ओठ हलले. मग त्याचा चेहरा असा झाला की तिनं तो कधी बघितला नव्हता.

"तेव्हा मला रेल्वेच्या कारखान्यात घेत होते," लॉइड म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "पत्र आलं होतं माझं. तुम्ही ते चुलीवरच्या फळीवर ठेवलंत आणि म्हणालात, तू गेलास तर ही जमीन कुणासाठी केली मी. तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"लेका, तेव्हा वाफ्याएवढंच..."

"माहीत होतं!"

"होतं," पर्सी म्हणाला.

डोनोव्हननं चहाचा मग बॉनेटवर ठेवला आणि दुसरीकडे बघायला लागला.

"मेलेली जमीन देऊन ठेवलीत मला," लॉइड म्हणाला. "आणि आता, आज, यंत्रं उभी असताना सांगताय."

"म्हणून तर सांगतोय. हे तरी राहू दे, लॉइड."

लॉइड हसला. ते हसणं ऐकून विनी त्याच्या दंडाला धरायला पुढं झाली. त्यानं दंड सोडवून घेतला. "पस्तीस वर्षं तुम्ही तोडलंत. आता माझी पाळी आली तर राहू दे?" तो वळला आणि डोनोव्हनकडे हात वर केला. "चल. कर सुरू."

"बघ बाबा, घरचं काही असेल तर..." डोनोव्हन म्हणाला.

"सुरू कर!"

यंत्रं धडधडली. साखळी ताणली गेली, जमिनीवरून वर आली, आणि पहिल्या रांगेला भिडली. विनीला वाटलं होतं मोठा आवाज होईल. झाला, पण तो मोडण्याचा नव्हता. जुनं जाड कापड टराटरा फाटावं तसा खालून, मुळांपासून येणारा होता. झाडं क्षणभर वाकून उभी राहिली आणि एकाच बाजूला गेली. धूळ उठली. त्या धुळीतून एक कांगारूची मादी पिल्लू पोटाच्या पिशवीत घेऊन निघाली आणि माणसांच्या अगदी जवळून, त्यांच्याकडे न बघता, खाली गेली. पर्सी गाडीच्या दाराला धरून खाली बसला. विनी त्याच्याजवळ गेली. त्यानं तिच्या मनगटाला धरलं, घट्ट.

चार नाही, तीन दिवसांतच झालं. टेकडीपलीकडचं आकाश घराच्या ओट्यावरून दिसायला लागलं. तिथं आधी कधी आकाश नव्हतं.

लॉइड आणि त्याचा बाप एका टेबलावर जेवत, पण बोलायचं असेल ते विनीमार्फत बोलत. "त्यांना विचार, मीठ पाहिजे का." "त्याला सांग, कुत्र्याला खायला घातलंय."

दहाव्या दिवशी विनी गव्हाची दोन रिकामी पोती घेऊन टेकडीवर गेली. पडलेली झाडं वाळायला लागली होती. शेंड्यांना बोंडं होती, वाटाण्याएवढी, घुमटीसारखी, उन्हानं तोंडं उघडायला लागलेली. पुढच्या वर्षी सगळ्याला आग लावायची होती; त्याच्या आत, परत झाडं उगवायला, बी काढून ठेवायला हवं होतं. ती फांद्यांतून वाकून, सरपटत बोंडं तोडायला लागली. सालीनं दंड खरचटले, बोटांना चीक लागला. चादरीवर बोंडं पसरून झटकली की मोहरीहून बारीक बी खाली पडे, तपकिरी, भुशासारखं. दिवसभरात मूठभरही नाही.

तिसऱ्या दिवशी फांद्या मोडल्याचा आवाज आला. पर्सी होता. काठी बगलेत, हातात तिसरं पोतं.

"तांबूस दांड्याची घे," तो म्हणाला. "हिरवी उघडत नाहीत. ही वांझ आहेत, ही टाक."

"तुम्हाला कसं माहीत?"

"पाडलीत म्हणून माहीत." तो हळूहळू एका बुंध्यावर बसला, फांदी मांडीवर ओढून घेतली आणि तीन बोटांनी बोंडं खुडायला लागला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "माळ्याची पोर म्हणून बोललो मी तुला. माहीत असून बोललो."

"माहीत आहे."

"रागावली असशील."

"रागावले आहे," विनी म्हणाली. "ती फांदी इकडे सरकवा."

मे महिन्यात पाऊस लागला. गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता तसा चांगला, संथ, जमिनीत मुरणारा. गावात सगळे खूश होते. लॉइड पहाटे ट्रॅक्टर घेऊन पेरणीला जायचा तो अंधार पडताना परत यायचा. वरचा भाग पेरून झाला, मधला झाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यानं ओढ्याकडच्या सपाटीला पेरणी यंत्र लावलं. त्या सपाटीवर त्यांचा सगळ्यात चांगला गहू व्हायचा. पर्सीनं सगळ्यात आधी मोकळं केलेलं रान ते.

सकाळचे अकरा वाजले असतील. विनी ओट्यावर बसून बी पाखडत होती, पर्सी शेजारी कचरा वेचत होता. ट्रॅक्टरचा आवाज चढला, आणखी चढला, किंचाळायला लागला, आणि बंद पडला. दोघांनी हात थांबवले. वाट बघितली. परत सुरू झाला नाही.

अर्ध्या तासानं लॉइड चालत आला. मांड्यांपर्यंत चिखल होता. ट्रॅक्टर पुढच्या चाकांच्या आसापर्यंत रुतला होता, पण ते त्यानं सांगितलं नाही. ते त्याच्याकडे बघून कळत होतं. वारा सुटला होता, आणि त्याच्या बुटांवरचा चिखल वाळत येत होता. वाळेल तिथं तो करडा राहत नव्हता, पांढरा होत होता. त्यालाही ते दिसत होतं.

तो पायरीवर बसला. एका बुटाची नाडी ओढली, ती ओली गाठ सुटेना. थोडा वेळ तो नुसता त्या गाठीशी झटत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "बी किती झालं?"

विनीनं पर्सीकडे बघितलं. पर्सीनं सुपातली नजर काढली नाही.

"तिघांच्या ओंजळी भरतील एवढं," ती म्हणाली. "थोडं जास्तच."

लॉइडनं खिशातून चाकू काढला आणि नाडी कापली. बूट ओढून काढला. आतून पाणी सांडलं.

"पुरणार नाही, बाबा," तो म्हणाला.

"नाही पुरणार," पर्सी म्हणाला, आणि सूप उचलून दोघांच्या मधे ठेवलं.